सेशन फाइल

अकरा वर्षं मी एका संस्थेच्या अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित केली. रत्नागिरीत, आमच्याच घराच्या मागच्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून. वाचायला एक निवृत्त शिक्षिका यायच्या. चुका कापणं, वाक्यं जोडणं माझ्याकडे. फुकट मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर शिकले आणि त्यावरच हात बसला. पुढे मुलांच्या मोबाइलमध्येच वाचून दाखवणारा आवाज आला. संस्थेने काम थांबवलं.

मग मुंबईच्या एका ऑडिओबुक कंपनीची जाहिरात दिसली. घरून काम, मराठी पुस्तकं. मी नमुना पाठवला. दोनच दिवसांत तिथल्या साउंड इंजिनियर बाईंचा फोन.

"श्वास कुठे कापलाय ते मला शोधूनही सापडलं नाही," त्या म्हणाल्या. "आता याची सेशन फाइल पाठवा, सगळे काप नि जोड उघडून दिसतात ती."

मी माझ्या सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं.

"ती फाइल आमच्याकडे उघडणार नाही हो. या धंद्यात सगळीकडे एकच चालतं. ते कधीच वापरलं नाहीत?"

"नाही. पण शिकेन."

"काम तुमचं चांगलंच आहे. पण पहिली अटच ती. ती बसली नाही तर वरचे लोक पुढचं ऐकतही नाहीत."

अट मी जाहिरातीत वाचली होती. वाटलं होतं, एकदा ऐकलं की सोडून देतील.

त्या सॉफ्टवेअरची महिनाभराची मोफत आवृत्ती मिळत होती, पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरने ती घेतलीच नाही. हातखंब्याला धाकट्या भावाचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्याकडे नवा होता. रोज जेवणं उरकून एसटीने जायचे. माझी बोटं सवयीची बटणं दाबायची आणि स्क्रीनवर भलतंच व्हायचं. पाच मिनिटांच्या कामाला तास लागायचा.

भाऊ एकदा म्हणाला, "ताई, येतं तेच परत कशाला शिकतेस?"

मी दुखरी मान चोळत पुढचं वाक्य जोडायला घेतलं.

चौथ्या आठवड्यात सेशन फाइल तयार करून पाठवली. उत्तर आलं, जागा भरली. शिवाय त्याच सॉफ्टवेअरचा दोन वर्षांचा अनुभव हवा होता. संध्याकाळी बाईंनी स्वतः फोन केला. "मी सांगून पाहिलं हो," एवढंच म्हणाल्या. मी त्यांचीच समजूत घातली.

आता त्या अधूनमधून पुस्तकातलं एखादं अडलेलं प्रकरण पाठवतात. वाचणाऱ्याला सर्दी झालेली, नाहीतर मागे कुणाचा कुकर वाजलेला. मी माझ्या जुन्या पद्धतीने साफ करून नुसता आवाज परत पाठवते. सेशनमध्ये त्या बसवतात. पुस्तकाच्या शेवटी नावं वाचतात, त्यात माझं नसतं.

परवा दुपारी त्यातलंच एक पुस्तक मोबाइलवर लावलं. मी साफ केलेलं प्रकरण कधी आलं आणि कधी गेलं, मलाही कळलं नाही. डोळा लागला होता.