सविताच्या घटस्फोटाला आम्ही चौघं

कोर्टात माणूस एकदा गेला तर काम करून परत येतो. पुन्हा पुन्हा गेला तर किस्से घेऊन येतो. आमचं काम होतं एका कागदाचं, पण त्याच्यामागं एवढ्या वेळा जावं लागलं की आता रिक्षा स्टँडवर कुणी "ते कोर्टाचं सांग की रे" म्हटलं की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. त्यात मला चारचौघांत बोलायला जमत नाही. शाळासुद्धा आठवीत सुटली, त्याला उभं राहून उत्तर द्यायची भीती हे एक कारण होतंच. म्हणून लिहूनच काढतोय.

माणसं आधी सांगतो. मी राजारामपुरीत रिक्षा चालवतो. सविता तिथल्याच एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायला बसते. कोल्हापुरात ती मावशीकडं राहते आणि रोज सकाळी माझ्याच रिक्षानं कामावर यायची. अप्पा म्हणजे तिचे वडील, नेसरीचे. चौथा यशवंत, तो शाहूवाडीचा. तो कोण, ते लगेच येईलच.

* * *

वर्षभर मी सविताशी "बसा" आणि "आलं" एवढंच बोललो होतो.

एक दिवस तिच्याबरोबर अप्पा बसले. तिला दवाखान्यापाशी उतरवलं, पण अप्पा उतरेनात. मला म्हणाले, चल पुढं. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, लग्न झालंय का? मी नाही म्हणालो.

"पोरगीचं एक झालंय. चार म्हैन्यात मोडलं, त्याला आता आठ वर्सं झाली. तुला इचारायला तिनंच सांगितलंय. चालंल?"

अप्पांचा आवाज म्हणजे शेजारच्या दोन गाड्यांना ऐकू जाणारा. एका स्कूटीवालीनं तर माझं उत्तर ऐकायला मानच रिक्षात घातली. मी मान हलवली.

"नंदीबैलागत मान नको. व्हय म्हण, न्हायतर न्हाय म्हण."

"व्हय," मी म्हणालो.

"मग चल की. सिग्नल कवाच सुटलाय."

* * *

अप्पांची एकच अट होती. हे लग्न नोंदणीचं करायचं, पक्कं. नोंदणीच्या ऑफिसात विचारलं तर ते म्हणाले, आधीच्या घटस्फोटाचा कोर्टाचा कागद आणा. अप्पा म्हणाले, आहे की. नेसरीला जाऊन ट्रंकेतून घेऊन आले.

तो घेऊन आम्ही एका वकील मॅडमकडं गेलो. स्टॅम्प पेपर होता. खाली पंचांच्या सह्या, दोन अंगठे. मॅडमनी दोन्ही बाजूंनी बघितला आणि सांगितलं की ही सोडचिठ्ठी आहे, घटस्फोट नाही. कोर्टाचा हुकूमनामा नसेल तर कायद्याच्या हिशेबानं सविता आजही त्या माणसाची बायको आहे, आणि तो हुकूमनामा मिळेपर्यंत दुसरं लग्न लागणार नाही.

मी पंख्याकडं बघत होतो. अप्पांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले,

"म्हंजे त्यो अजून माझा जावईच हाय?"

"कायद्यानं, हो."

"आणि आठ दिवाळ्या झाल्या, एकदा बी आला न्हाई, बघा."

* * *

तो जावई म्हणजे यशवंत. अप्पांनी त्याला निरोप धाडला. मी त्या दिवशी सकाळपासून जेवलो नव्हतो. शाहूवाडीचा माणूस, अंगानं दांडगा असणार, माझ्याकडं कसा बघेल, हेच डोक्यात. तो आला तो तांदळाची पिशवी घेऊन. माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "पावणं, नवा तांदूळ हाय. पाणी कमी घाला."

त्याचं म्हणणं होतं की घटस्फोट कोर्टातच झालाय. स्वतः हजर होतो, काळा कोटवाला साहेब होता, शिक्का मारलेला. एवढं ठाम सांगितल्यावर मॅडमना वाटलं, असेलही. त्यांनी रेकॉर्ड शोधायला रीतसर अर्ज दिला. रेकॉर्डच्या क्लार्कनं त्या वर्षाचं बघितलं, अलीकडचं पलीकडचं बघितलं, सविताच्या नावानं, यशवंतच्या नावानं. काहीच नाही.

यशवंत चिडला. म्हणाला, चला, जागा दाखवतो. क्लार्कची चहाची वेळ झालीच होती, तेही आले. यशवंत पुढं, आम्ही मागं. जिन्यावरून खाली, व्हरांड्यातून बाहेर, पार्किंगमधून गेटाबाहेर. कंपाउंडच्या भिंतीला उसाच्या रसाचा गाडा होता, त्याच्यापुढं जाऊन तो उभा राहिला.

"हितं. हितंच टेबल हुतं त्या साहेबाचं."

क्लार्कनी गाड्याकडं बघितलं, मग यशवंतकडं.

"मग अर्ज रसवाल्याकडं द्यायचा हुता की," ते म्हणाले.

* * *

रेकॉर्ड नाही, म्हणजे घटस्फोट नवीन घ्यायचा. दोघांच्या संमतीनं अर्ज करायचा ठरलं. मॅडमनी विचारलं, वेगळं का झालात?

दोघंही एकमेकांकडं बघायला लागले. आठ वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. सविता म्हणाली की चार महिन्यांत हा माणूस माझ्याशी जेवढं बोलला, त्यापेक्षा जास्त गोठ्यातल्या म्हशीशी बोलला.

"म्हस उत्तर द्याची," यशवंत म्हणाला.

मॅडमनी अर्जात लिहिलं, वैचारिक मतभेद. यशवंतनं ते वाचून अर्थ विचारला. अर्थ कळल्यावर थोडा विचार करून म्हणाला, "आमची म्हस ऐकंल तर फुगंल."

* * *

अर्जाला लग्नाचा फोटो लागतो. लग्न झालं होतं हे दाखवल्याशिवाय मोडता येत नाही. अप्पांनी अल्बम आणला. त्यात सविता होती, करवल्या होत्या, भटजी होते. नवरा कुठंच नव्हता. सोडचिठ्ठी झाली त्या संध्याकाळी अप्पांनी कात्री घेऊन सगळ्या फोटोंतून यशवंत कापून काढला होता. एका फोटोत तेवढा त्याचा हात राहिला होता, हारासकट.

यशवंतनं तो हात बराच वेळ बघितला. "घड्याळ झ्याक हुतं," म्हणाला.

मग पुढच्या खेपेला त्यानं स्वतःकडचा फोटो आणला. चांगला मोठा, फ्रेम केलेला, मागं कोळ्याची जाळी. भिंतीवरनंच काढून आणला होता. मॅडमनी विचारलं, आठ वर्षं भिंतीवर?

"उतरव म्हणून कुणी सांगिटलं न्हाई," तो म्हणाला, आणि फ्रेम शर्टाच्या बाहीनं पुसून दिली.

* * *

अर्ज दाखल झाल्यावर समुपदेशनाला बोलावतात. म्हणजे एक मॅडम नवरा-बायकोला समोर बसवून संसार वाचतोय का बघतात. आमची वेळ झाली तेव्हा यशवंत चहाला गेला होता. सविता पाणी प्यायला गेली, म्हणून तिची पर्स आणि छत्री मी धरून उभा. ती आली आणि शिपाई म्हणाला, चला दोघं आत. मी काही सांगायच्या आत खुर्चीवर बसलोसुद्धा.

त्या मॅडमनी छान समजावलं. भांडणं कुठं नसतात, मोठ्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. मी नाही म्हणायला तोंड उघडायचो, त्या हात वर करायच्या. सविताकडं बघितलं, तर ती खाली मान घालून पदराआड हसत होती. तिनं एका शब्दानं सांगितलं नाही.

"हा माणूस तुमची पर्स धरून उभा होता," मॅडम तिला म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "खरं सांगा. तुम्हाला या आवडत नाहीत का?"

हा प्रश्न मला अजून सवितानंही विचारला नव्हता.

"आवडतात," मी म्हणालो.

"मग घटस्फोट कशाला घेताय?"

तेवढ्यात दारातून यशवंतनं डोकं घातलं. हातात चहाचा कप होता.

"मॅडम, नवरा मी हाय. त्यो पुढचा हाय."

* * *

पहिल्या तारखेला दोघांनी संमती दिली आणि कोर्टानं विचार करायला सहा महिने दिले. तोपर्यंत कुणीही एकजण माघार घेऊ शकतो, असं वकील मॅडमनी सांगून ठेवलं होतं.

या सहा महिन्यांत यशवंत मला फोन करायला लागला. आधी आठवड्यानं, मग एक दिवसाआड. म्हणायचा, ती रुसली की ताट घेऊन बाहेर जाऊन जेवते, मागं जाऊ नका. तिला मांजर आवडत नाही. तिच्या वडिलांपुढं राजकारण काढू नका. स्टँडवरची पोरं विचारायची, कुणाचा फोन? मी सांगायचो, यशवंतरावांचा. पोरं विचारायची, ते कोण? मग मी रिक्षा चालू करायचो.

शेवटच्या तारखेच्या आधल्या दिवशी त्याचा फोन आला. तब्येत, पाऊसपाणी विचारून झालं. मग म्हणाला, "पावणं, कोर्टानं इचार करा म्हणून सांगिटलंय न्हवं?"

"व्हय."

"मी करतोय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

* * *

दुसऱ्या दिवशी हे मी कुणालाच सांगितलं नाही. सविता मला दोनदा म्हणाली, चेहरा का असा? मी म्हणालो, ऊन.

कोर्टात पुकारा झाला. दोघं पुढं उभे राहिले. अप्पा आणि मी मागं. जज मॅडमनी अर्ज चाळला आणि यशवंतला विचारलं, तुमचा विचार कायम आहे ना?

"न्हाई, मॅडम," यशवंत म्हणाला.

अप्पांनी माझा दंड धरला. वकील मॅडम झटकन वळल्या. सविता समोरच बघत होती, पण तिचे कान लाल झालेले मागून दिसत होते.

"म्हणजे तुम्हाला घटस्फोट नको?"

"पायजे की. पर मागच्या टायमाला आमच्या बानं हिला सोडली. मला कुणी इचारलं न्हाई. ह्या टायमाला मी सोडतोय, माझा मी, इचार करून. तेवढं लिवून घ्या."

जज मॅडम म्हणाल्या, असं लिहायची गरज नसते. मग त्यांनी सविताला विचारलं.

"माझी संमती आहे," सविता म्हणाली. "पण मॅडम, हे सोडत नाहीत. सोडायला मी काय दावणीला आहे? मी त्यांना सोडतेय. लिहायचं तर तसं लिहा."

यशवंत म्हणाला, आधी मी बोललोय. सविता म्हणाली, अर्ज माझ्यामुळं झालाय. तो म्हणाला, सही पहिली माझी हाय. वकील मॅडम दोघांना गप्प करत होत्या. जज मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, थोडा वेळ ऐकलं, आणि सांगितलं की घटस्फोट मंजूर आहे, कोण कुणाला सोडतंय ते बाहेर जाऊन ठरवा.

बाहेर आलो. अप्पा हुकूमनाम्याच्या नकलेसाठी वकील मॅडमबरोबर थांबले. मी यशवंतला बसस्टँडवर सोडायला निघालो, सविताही बसली. वाटभर तेच चाललं होतं. मी सोडलं, नाही मी. रिक्षा स्टँडला लागली, शाहूवाडीकडं जाणारी मलकापूरची गाडी सुटायला आली होती, तरी त्याचा एक पाय रिक्षातच.

शेवटी तो उतरला. पिशवी खांद्याला लावली. वाकून आत बघितलं.

"बरं, तूच सोडलंस," तो सविताला म्हणाला.

मग माझ्या बाजूला आला, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला,

"जपून ऱ्हावा, पावणं. ही सोडती."