धाकटीला द्या, म्हणाली

तुमच्या या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर हसत आलोय. नाशिकला मखमलाबाद रोडवर माझं शेतीपंपाच्या मोटारी-पाइपचं दुकान आहे. बिघाड झाला की त्याला कारण असतंच, आणि ते शोधलं की सापडतं... पन्नाशी ओलांडेपर्यंत मी याच समजुतीवर जगलो. आज जे लिहितोय त्याचं कारण मला सापडलेलं नाही. त्यात माझी चूक मात्र आहे, ती आधीच कबूल करतो.

वैशाली माझी दुसरी बायको. पहिली रेखा. एका पावसाळ्यात तिला ताप आला, साधाच समजून आम्ही गोळ्यांवर काढला, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मूलबाळ नव्हतं. पुढे आईच्या आग्रहाने वैशालीशी लग्न झालं. ती सायखेड्याची.

आमच्याकडे दुसरेपणावर आलेली बाई गळ्यात वारलेल्या सवतीचा टाक घालते. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती. घरात नवी साडी आली की ती आधी त्या टाकाला लावायची, हळदीकुंकू वाहायचं आणि मग नेसायची. आई म्हणायची, "आधी थोरलीला, मग धाकटीला." आई गेली तरी वैशालीने यात कधी खंड पडू दिला नाही. रेखाला ती "ताई" म्हणायची, जणू शेजारच्या खोलीत राहणाऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं. टाकाची कडी एकदा तुटली होती, ती मीच दुकानातल्या सोल्डरिंग गनने जोडली. ओबडधोबड गोळा झाला त्याचा. हे लक्षात ठेवा.

आता सिल्वासा. रेखाने शेजारणीच्या मोबाईलवर तिथल्या तलावाचे फोटो पाहिले होते, मलाही दाखवले होते. मधे बेट, लाकडी पूल, पायडलच्या बोटी. पेठमार्गे घाट उतरून गुजरातची हद्द ओलांडली की पुढे फार लांब नाही, सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. ती किती वर्षं मागे लागली होती! पण रविवारी खेड्यातलं गिऱ्हाईक येतं, दुकान बंद ठेवणं माझ्या जिवावर यायचं. माझं उत्तर ठरलेलं, "पुढच्या रविवारी बघू." ते बघणं राहूनच गेलं.

यातलं एक अक्षरही मी वैशालीला कधी सांगितलं नव्हतं. गेल्या डिसेंबरात तिच्यासाठी मोरपंखी साडी आणली आणि म्हणालो, उद्या सिल्वासाला जाऊ, तलाव बघू. ती इतकी खूश झाली की मला लाज वाटायला हवी होती. कारण मी तिला फिरवायला नेत नव्हतो. मला त्या तलावातून सुटायचं होतं. एकदा जाऊन आलो की संपलं, असा माझा हिशेब.

सकाळी ती साडी घेऊन देवघराकडे निघाली. मी गाडीची किल्ली वाजवत उभा.

"राहू दे आज. नेस आणि चल."

"अहो, दोन मिनिटं लागतात."

"आणि तो टाकही काढून ठेव. एक दिवस तरी आपण दोघंच जाऊ."

तिने माझ्याकडे पाहिलं. "असा काढत नाहीत तो."

"वैशाली, पत्रा आहे तो!"

तिने गळ्यातून टाक काढला आणि देवघरातल्या कुंकवाच्या डबीत ठेवला. मी बघत होतो. डबीचं झाकण तिने लावलं, घराला कुलूप मी लावलं, किल्ली माझ्या खिशात.

कोटंबीच्या घाटात तिचा मूड परत आला. "नाशिकची पुरुषमंडळी सिल्वासाला कशाला जातात ते ठाऊक आहे मला. तलाव बघायला म्हणे!"

"बाटली एकही नाही, डिकी रिकामी परत आणीन, शपथ."

"बघू हं. माझ्या भावाने पण शपथच घेतली होती."

असे हसतखेळत गेलो. पाट्या गुजरातीत झाल्या, रस्ता बदलला, दुपारच्या आत तलावावर पोचलो. फोटोत होतं तसंच सगळं... तेच बेट, तोच पूल.

फाटकाशी एक बाई उकडलेल्या शेंगा विकत बसली होती. आम्हाला बघून ती मराठीतच म्हणाली, "आले का दादा? लय उशीर केला. बाई सकाळपासून इथंच बसेल व्हती."

मी म्हटलं, "कोणती बाई? आम्ही पहिल्यांदाच येतोय."

"तुमच्या घरची. हीच साडी, हाच रंग. कोरी व्हती, घड्या दिसत व्हत्या. म्हने, माझा मानूस गाडी घेऊन मागून येतोय, बोटीत बसायचंय." तिने वैशालीकडे नीट पाहिलं. "तुम्ही धाकट्या ना? हे तुमच्यासाठी ठेवलंय. धाकटीला द्या, म्हनाली."

आणि शेंगांच्या टोपलीतल्या फडक्याखालून तिने टाक काढून वैशालीच्या हातावर ठेवला.

कडीवर सोल्डरचा गोळा. माझ्या हातचा.

एखाद्या माणसाने अशा वेळी काय करावं? मी जे केलं ते लिहायला हात जड होतोय. मी वैशालीवर ओरडलो. भर फाटकात, लोकांसमोर. "पर्समधून आणलास ना? हिला आधी फोन करून पढवलंस? नाटकं करतेस?"

शेंगावाली घाबरून म्हणाली, "दादा, मी पेठकडची, ह्या ताईंना कुठं वळखते मी?"

वैशाली रडली नाही. टाक मुठीत धरून तिने हळूच विचारलं, "ताईंना इथं आणणार होतात तुम्ही?"

मी तिकिटाच्या खिडकीकडे बघायला लागलो.

"कितीदा म्हणाल्या होत्या?"

मी खिशातून पाकीट काढलं. तिला तेवढ्यावरून सगळं कळलं. ती म्हणाली, "मी नाही बसणार बोटीत. तुम्ही जा. त्यांना फिरवून आणा."

वाद घालायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मी तिकीट काढलं, जॅकेट घातलं आणि एकटाच बोटीत उतरलो. या बोटींत शेजारी शेजारी दोन सीट असतात आणि दोघांच्या पायाखाली पायडल. दोन्ही पायडल एकाच दांड्यावर, एक फिरलं की दुसरं फिरतं. एकटा माणूस बसला की बोट त्याच्या बाजूला कलते, ते मी शेजारच्या बोटीत बघत होतो. तिथला एकटा पोरगा पाण्याकडे झुकला होता.

माझी बोट सरळ होती. तसूभरही कलली नव्हती.

बेटाच्या मागे गेल्यावर मी दम खायला पाय पायडलवरून उचलून घेतले. पायडल फिरत राहिली. मला वाटलं, वेग आहे, थांबतील. थांबली नाहीत. सावकाश, एका लयीत... कुणीतरी निवांत, आजूबाजूला बघत फिरायला निघावं तशी. शेजारच्या सीटकडे मान वळवायची हिंमत मला झाली नाही. रेखा, एवढंच म्हणालो. बेटाला पूर्ण वळसा घालून बोट आपली आपण काठाला लागली.

वैशाली पायरीवर उभी होती. टाक तिच्या गळ्यात होता. मी विचारलं, "काय दिसलं तुला?"

ती म्हणाली, "साडी छान दिसत होती त्यांना."

परतीच्या वाटेवर पेठ आलं. तेव्हा ती म्हणाली, "मला त्यांची भीती नाही वाटत. तुमची वाटते. त्यांची हौस त्या गेल्यावर माझ्यावर फेडलीत. माझी कुणावर फेडणार?"

घरी कुलूप जसंच्या तसं होतं. कुंकवाच्या डबीचं झाकण लावलेलं, आत नुसतं कुंकू, त्यात टाकाएवढा खळगा.

तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. वैशालीने डबीतून टाक परत काढला असेल? मी तिच्यासोबतच बाहेर पडलो होतो. शेंगावाली ओळखीची असेल? मी नंतर एकदा एकटाच जाऊन आलो. ती तिथेच बसते, तेच सांगते, मी पैसे देऊ केले तेही घेतले नाहीत. पायडल पाण्याच्या ओढीने फिरली? तलावाला ओढ नसते, हे पंप विकणाऱ्याला कुणी सांगायला नको. बोट का कलली नाही, याला तर उत्तरच नाही.

संक्रांतीला वैशाली सायखेड्याला माहेरी गेली, ती परत आली नाही. भांडण नाही, काही नाही. मी दर रविवारी दुकान बंद ठेवून जातो. ती चहा देते, तब्येत विचारते. गळ्यात टाक असतो. मागच्या खेपेला निघताना मी म्हणालो, "वैशाली, चल ना घरी."

ती नदीकडच्या दारात उभी होती. माझ्याकडे न बघता, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मी रेखाला सांगायचो अगदी तशी म्हणाली,

"पुढच्या रविवारी बघू."

हे वाक्य मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.