जैसलमेरात वाटलेले पिवळे तांदूळ

जगातल्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा तरी आपल्या घरी येऊन पोटभर भात खावा, असे मनापासून वाटणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे साडभाऊ. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान; तेही मला साडभाऊच म्हणत. मी गोंदियाला एका धान गिरणीत हिशेब पाहणारा माणूस. वाढवून सांगायची सवय मला नाही, आणि साडभाऊंच्या बाबतीत तशी गरजही पडत नाही. सडक अर्जुनीजवळ त्यांची धानाची शेती होती आणि घर अगदी रायपूरच्या सडकेला लागून. सडकेवरून जाणारा येणारा प्रत्येक माणूस आपल्याकडेच निघालेला आहे आणि केवळ संकोचामुळे पुढे जातो आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. ट्रक बिघडून थांबला की ड्रायव्हर त्यांच्या ओसरीवर जेवत असे. एकदा विमा विकायला आलेला एजंट तीन वेळा जेवून गेला आणि विम्याचे बोलायचे विसरला. निरोप देताना साडभाऊ सगळ्यांना एकच वाक्य म्हणत, "येजा जी. नागपूरहून रायपूरच्या सडकेले लागाचं, न कोनालेही इचाराचं." पत्ता म्हणून याहून जास्त त्यांनी कधी कोणाला काही सांगितले नाही.

अशा माणसाला राजपुतान्यातल्या वाळवंटाचे वेड का लागावे? कारण असे की, एका मारवाडी ट्रकवाल्याने जेवता जेवता त्यांना सांगितले की आमच्या मुलखात धान होत नाही. साडभाऊंचा यावर विश्वास बसेना. "धान नाई तं मानसं खातेत काय जी?" असे ते मला आठवडाभर विचारत होते. मी बाजरी म्हणालो. "ते तं बैलाचं खाणं झालं. मानसाचं सांगा." शेवटी हे डोळ्यांनी पाहायचे ठरले. राज्यांची नवी रचना होऊन आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. धान कापून घरात आले होते. लष्कराच्या डिस्पोजलमधून, म्हणजे जुन्या मालाच्या विक्रीतून, घेतलेली एक जीप साडभाऊंकडे होती. तिच्यात पुढे आम्ही दोघे साडू, मागे आमच्या बायका, आणि बायकांच्या मध्ये, मुलीला बसवावे तसे, चिनोर तांदळाचे एक पोते. मी पोत्याला हरकत घेतली. वजन, पेट्रोल, चढ, सगळे मांडून दाखवले. साडभाऊंनी शांतपणे ऐकून घेतले. "तुमी मनता ते बराबर आहे," ते म्हणाले, "पन तांदूळ नाई तं आपून कायले जाऊन राहिलो?"

साडभाऊंचे जीप हाकणे बैलगाडीच्या जवळचे होते. समोरून गाडी आली की ते थांबत, कुठले म्हणून विचारत, आणि सडक अर्जुनीचे आमंत्रण देऊन पुढे निघत. भोपाळ आणि कोटा या दोन शहरांच्या मध्ये त्यांनी किती लोकांना जेवायला बोलावले ते मोजायचे मी सोडून दिले. ऐतिहासिक स्थळे पाहण्याची त्यांची तऱ्हाही स्वतंत्र होती. जयपुरात हवेचा महाल पाहून ते म्हणाले, "खिडक्याच खिडक्या. एवढी हवा आली तं धान उफनाले बाईच नोको." जोधपूरच्या किल्ल्यासमोर मात्र ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मला वाटले, इतिहास मनाला भिडला. "साडभाऊ," ते म्हणाले, "तुमी हिशेबाचे मानूस. सांगा, याच्यात किती खंडी धान मावन?" मला राग यायला हवा होता, पण खरे सांगायचे तर मी भिंतींची उंची डोळ्यांनी अजमावू लागलो होतो.

दिसेल त्या माणसाला ते मूठभर चिनोर देत आणि शिजवून पाहायला सांगत. जयपूरचे लोक ते तांदूळ हातात घेऊन गोंधळून आमच्याकडे बघत. जोधपुरात एका पानवाल्याने ते सरळ कबुतरांना टाकले. साडभाऊ त्या रात्री नीट जेवले नाहीत. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, एवढेच म्हणाली, "पाखरानं खाल्ले ना? मंग वाया कुठी गेले?" अक्काचे बोलणे असे मोजके असे. बावीस-तेवीस वर्षांच्या संसारात साडभाऊंनी बोलावलेल्या प्रत्येक माणसाला तिने रांधून वाढले होते. घरात मूल नव्हते. त्याबद्दल ते दोघे कधी बोलत नसत, आम्हीही नाही.

जोधपूरहून जैसलमेरला जाणारा रस्ता त्या वेळी नावाचाच रस्ता होता. आपल्याकडच्या शेतातल्या पांदणीतून, बैलगाडीच्या वाटेने, जीप जावी तसे आम्ही दिवसभर उसळत होतो. अक्काने घरची हळद पुरचुंडीत बांधून, सादळू नये म्हणून, तांदळाच्या पोत्यात खुपसून ठेवली होती. आमच्या बायका असेच ठेवतात. वाटेत कुठेतरी ती पुरचुंडी फुटली आणि सगळा चिनोर पिवळा होऊन जैसलमेरात पोचला. साडभाऊंना त्याचे काही वाटले नाही. "शिजल्यावर पिवळाच कराचा ना," म्हणून त्यांनी धर्मशाळेच्या दारातच वाटप सुरू केले.

आणि इथे चमत्कार झाला. ज्याला मूठ दिली, त्याने ती दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, आणि शेल्याच्या टोकाला गाठ मारून ठेवली. एका वाण्याने तर साडभाऊंना बसवून दूध पाजले. "पाहा साडभाऊ," ते मला म्हणाले, "या वाळूतल्या मानसाले तांदुळाची किंमत आहे!" गावाबाहेरचा घडसीसर तलाव पाहून तर ते आणखी खुलले. "ही बोडी समजदार मानसानं बांधली," असा, आमच्या शेततळ्याचे नाव देऊन, राजांना दाखलाही त्यांनी दिला. मला मात्र या आदराचा हिशेब लागत नव्हता. तो संध्याकाळी लागला. धर्मशाळेचा म्हातारा रखवालदार आपले तांदूळ पगडीत खोचून आला, आणि हात जोडून त्याने विचारले, "सेठजी, बाई रो ब्याव कद है?"

मुलीचे लग्न कधी आहे, असे तो विचारत होता, हे मला आधी कळले, साडभाऊंना मागून. त्या मुलखात पिवळे तांदूळ हातात देणे म्हणजे लग्नाचे आमंत्रण देणे. आपण अक्षत देतो, तसेच. सकाळपासून आमच्या साडभाऊंनी अर्ध्या जैसलमेरला मुलीच्या लग्नाला बोलावले होते. मी खुलासा करायला तोंड उघडले. पण म्हातारा इतक्या आनंदाने उत्तराची वाट पाहत होता, की आयुष्यात कोणाला नाही म्हणायची सवय नसलेला माणूस बोलून गेला. "दिवाली के बाद है, बाबा. जरूर आना. नागपूर से रायपूर की सडक पकडना, और किसी को भी पूछना." म्हातारा म्हणाला की रायपुरात त्याचा पुतण्या कापडाच्या दुकानात आहे, तेव्हा आपण नक्की येणार. अक्का तिथेच चुलीपाशी तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीप बिकानेरकडे वळवली. फलोदीच्या जवळपास अक्का एकच वाक्य बोलली. "बोलावलं तं बोलावलं. आता पोरगी कोनाची दाखवान?" साडभाऊंनी जीपचा वेग वाढवला. समोरून एक उंटाची गाडी आली, तिच्यासाठीही ते थांबले नाहीत. बिकानेरचा किल्ला त्यांनी पाहिला, पण त्यात किती खंडी धान मावेल हे मला विचारले नाही. मी मनातल्या मनात आकडा काढून तयार ठेवला होता.

पुढे पावसाळा झाला, धानाची रोवणी झाली, दिवाळीही झाली. गोष्ट संपली असे मी समजून चाललो होतो. कार्तिकी एकादशीच्या सुमारास सडक अर्जुनीकडून आलेल्या एका ट्रकवाल्याने गिरणीत निरोप दिला, "अक्कानं सांगितलं हाय, घरी लगन हाय, दोघंही लवकर या." मी बायकोकडे पाहिले, तिने माझ्याकडे. कोणाचे लग्न, हे त्या ट्रकवाल्यालाही ठाऊक नव्हते. जेवण आहे एवढे त्याने ऐकले होते.

पोचलो तेव्हा अंगणात बांबूचा हिरवा मांडव होता आणि ओसरीवर तो जैसलमेरचा म्हातारा सुपारी कातरत बसला होता. काय घडले ते साडभाऊंनी मला खळ्याच्या बाजूला नेऊन सांगितले. आदल्या दिवशी म्हातारा ट्रकमधून उतरला, बगलेत कापडी गाठोडे. त्याला पाहताच साडभाऊंच्या तोंडचे पाणी पळाले. खरे सांगून टाकावे म्हणून त्यांनी "बाबा, बात ऐसी है" एवढे म्हटले, आणि मागून अक्का पदर सावरत बाहेर आली. "लगन परसों है," ती आपल्या हिंदीत म्हणाली, "हातपाय धुवो, बैठो." म्हाताऱ्याने विचारले, नवरी कुठे आहे? अक्काने वृंदावनाकडे बोट दाखवले. "म्हातारा तिकडं पाहून राहिला, मी खाली पाहून राहिलो," साडभाऊ म्हणाले. मग म्हाताऱ्याने गाठोडे सोडले, आतली लाल चुनरी काढली आणि तुळशीवर अलगद घातली. "तुलसां बाई रो ब्याव तो म्हे भी करां," तो म्हणाला, आणि चहा मागितला.

तुळशीचे लग्न त्यांच्याकडे होते तसे आमच्याकडेही घरोघर होते. पण अक्काच्या घरी भटजी येऊन मंत्र म्हणत आणि अक्का त्या वेळी हटकून स्वयंपाकघरात असे. त्या वर्षी तिने पेटीतला आपला लग्नातला शालू काढला आणि साडभाऊंच्या शेजारी पाटावर कन्यादानाला बसली. गावातले लोक होते, सडकेवर थांबलेले ट्रकवाले होते. मंगलाष्टके झाली, पिवळ्या अक्षता पडल्या. हातावर पाणी सोडायची वेळ आली. साडभाऊंनी अक्काच्या हाताखाली आपला हात धरून ठेवला. जैसलमेरच्या पाहुण्याने पंगतीत भात चार वेळा घेतला, बाजरीचे नावही काढले नाही. तिसऱ्या दिवशी नव्या चिनोरची पिशवी घेऊन तो रायपूरच्या ट्रकमध्ये चढला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही सडकेवर उभे होतो. "साडभाऊ," ते मला म्हणाले, "आमची पोरगी बरी जी. लगन लावलं तरी घरीच." आणि ते हसले, आणि मग विनाकारण धोतराचा सोगा झटकत राहिले.

साडभाऊ आता नाहीत. जीप गोठ्याच्या मागे उभी आहे, तिच्यात कोंबड्या बसतात. पण दिवाळी झाली की सडकेवरून येणारा कोणी ना कोणी ट्रकवाला आमच्या दारात अक्काने दिलेली एक पुडी टाकून जातो. आत पिवळे तांदूळ असतात, चिठ्ठी नसते. या वर्षीही आली. बायको ती देवाजवळ ठेवते आणि मी काही विचारायच्या आत ट्रंक काढते. चुनरीचा लाल रंग आता पार उडाला आहे. तरी अक्का ती दर वर्षी धुऊन, घडी मोडून, आधी स्वतःच्या हाताने तुळशीवर घालते, आणि मगच बाहेर येऊन सडकेकडे पाहते, कोण कोण जेवायला आले ते.