गुण्यात नसलेली पेटी

त्या सुताराला सगळे गुण्यामामा म्हणत. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. दोन फळ्या नीट काटकोनात बसल्या की नाही, हे तो लावून बघायचं. कारखान्यातल्या कपाटांना मामा तो लावत ते ठीक, पण कुणाकडे जेवायला गेले की तिथल्या टेबलाच्या कोपऱ्यालाही लावत. बरोबर असलं की म्हणत, "गुण्यात आहे." चुकलेलं असलं की काहीच बोलत नसत, आणि यजमानाच्या तोंडची चवच जायची. मामी म्हणायच्या, "माझं नाक गुण्यात नाही, हे लग्नाआधी मोजलं असतंत तर सुटले असते मी."

अशा माणसाचा हात थरथरायला लागला. तोही उजवाच. आधी चहाचा कप बशीवर वाजू लागला, मग करवत आखलेली रेघ सोडू लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की यानं दुखणं जरा सावकाश वाढेल, थांबणार नाही. हे मामींना ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही. कारखान्यात मामा हात खिशात घालून वावरत, बारीक काम दुसऱ्याच्या गळ्यात मारत. पण कपाटाचं दारच बसेना, तिथं कोण काय लपवणार? मालक मनानं चांगला. "वय झालं मामा, आता जरा हलकं काम घ्या," एवढंच म्हणाला आणि त्यानं त्यांना मागच्या शेडमध्ये आपल्या सुनेच्या हाताखाली दिलं.

ही सून टाकाऊ लाकडातून शोभेच्या वस्तू करून घेई. पानगळीचे दिवस आले की दुकानदारांना काचेआड मांडायला त्या लागत. फुटक्या खोक्यांच्या फळ्यांची पानं, वाशांचे तुकडे सुतळीनं बांधून केलेले भोपळे, त्यांना देठ म्हणून मोडक्या खुर्चीच्या पायाचं टोक. लाकूड तासून गुळगुळीत करणाऱ्या रंध्याला तिथं मज्जाव. खिळ्यांची भोकं, गंजाचे डाग, उडालेला रंग, सगळं होतं तसं ठेवायचं.

"मामा, सरळ नको हं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "ओबडधोबड हवं. हातानं केल्यासारखं."

"हातानं केल्यासारखं म्हणजे वाकडं, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही," मामा म्हणाले. ती मनापासून हसली. तिला ती थट्टा वाटली.

आणि खोटं कशाला बोला, मामांना आधी सुटल्यासारखंच झालं. हात थरथरला की पानाची कड आपोआप नागमोडी व्हायची आणि सून म्हणायची, "वा!" हात खिशात घालायची गरज उरली नाही. पण ते 'वा' दिवसेंदिवस जिव्हारी लागायला लागलं. आपण हे मुद्दाम वाकडं करतोय, मनात आणलं तर अजून सरळ करू, असं ते स्वतःला बजावत. रोज बजावावं लागत होतं, यातच काय ते आलं.

शेवटी त्यांना राहवेना. सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये कुणी नसतं, तेव्हा जायचं आणि एक छोटी पेटी करायची. झाकण नाही, नक्षी नाही. चार बाजू आणि कोपऱ्यांना एकमेकांत अडकणारे दात. पूर्वी असली पेटी ते गप्पा मारता मारता करत.

"हात आहे की गेला, एकदाचं कळू दे," ते मामींना म्हणाले.

"आणि नाही कळलं तर काय बिघडतं?" मामींनी डबा त्यांच्या हातात देत विचारलं. मामा डबा घेऊन निघाले.

जुन्या चौकटीचं मुरलेलं लाकूड त्यांनी निवडलं आणि दिवसभर त्याच्याशी झगडले. कोपर बरगडीशी दाबून धरलं, करवत चालवताना उजवं मनगट डाव्या हातानं आवळलं, पटाशीनं दात कोरायला थरथर जरा ओसरायची वाट बघितली. एक बाजू बिघडली, ती टाकून दुसरी कापली. संध्याकाळी सरस लावून पेटी आवळून ठेवली. गुण्या खिशातच होता, पण तो काढायचा धीर झाला नाही. सरस वाळू दे, मग बघू, असं म्हणून ते घरी आले. जेवताना त्यांनी बऱ्याच दिवसांनी स्वतःहून गप्पा काढल्या. मामींना त्याचीच भीती वाटली.

सकाळी मामा पोचले तर सून आधीच आलेली. पेटी तिच्या हातात होती. तिनं त्यात वाळकी पानं भरून ती सजवलीसुद्धा होती. उजेडात कोपरे स्पष्ट दिसत होते. एक दात आखूड, एक तिरका, फटींतून आतली पानं डोकावत होती. तिनं पेटी टेबलावर ठेवली तेव्हा ती डुगडुगली. आता मोजून बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"मामा, इतके दिवस मी हेच तर सांगत होते!" ती आनंदानं म्हणाली. "बाकीचं काम छानच हो तुमचं, पण त्यात कुठंतरी जाणत्या सुताराचा हात दिसायचा. यात अजिबात दिसत नाही. मुद्दाम इतकं बिघडवणं कसं जमलं तुम्हाला?"

मामांना तिचा राग आला नाही. पोरगी मनापासून बोलत होती, आणि खरं तेच बोलत होती.

"जमलं," ते म्हणाले.

"मग आता सगळं असंच करा."

"हो," मामा म्हणाले. "आता दुसरं काही होणारही नाही."

"वा!" म्हणून ती पेटी घेऊन दुकानदाराला दाखवायला निघून गेली.