अहमदपूरच्या ठाण्यातला कागद

लोहा सुटलं आणि आईनं गळ्याला हात लावला. सोन्याची पोत गायब! आम्ही नांदेडहून लातूरला निघालो होतो, एसटी खच्चून भरलेली. आईला खेटून एक बाई उभी होती, बांगड्यांची पेटी पायाशी ठेवून. मी उठले आणि सरळ तिच्या झिंज्या धरल्या. इतकी वर्षं शाळेत शिकवतेय, पण डोकं फिरलं की माझं मलाच आवरत नाही.

मग काय, अख्ख्या गाडीला चेव आला. ठाण्यात नेऊन काय होतंय, तासाभरात सोडून देतेत, इथंच दोन ठेवून द्या, असं जो तो म्हणू लागला. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं.

तेवढ्यात कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. हडकुळा, चष्मेवाला माणूस. त्यानं माझा हात सोडवला आणि तिच्यापुढं उभा राहिला.

"हिला मी तिकीट दिलंय. माझ्या गाडीत हिच्या अंगाला हात लागणार न्हाई."

दोघंतिघं अंगावर धावून गेले, तरी गडी हलला नाही. ड्रायव्हरला सांगून त्यानं गाडी कुठंही न थांबवता थेट अहमदपूरच्या ठाण्यात घातली. त्या माणसाला मी आजही मनातून हात जोडते.

लेडीज पोलिसानं आधी त्या बाईची झडती घेतली. काही नाही. मग म्हणाली, आजी, तुमचाही पदर बघू. आईनं कमरेला खोचलेला पदर सोडला आणि घडीतून पोत खाली पडली. तुटून तिथंच अडकली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सगळे गुपचूप गाडीकडं निघाले. ती मात्र टेबलापुढून हलेना. म्हणाली, याच गाड्यांनी गावोगाव फिरून बांगड्या भरते, चोर म्हणून बोभाटा झाला तर दारात कोण उभं करील? मी चोरी केली न्हाई असं लिहून द्या. आम्ही ठाण्याला नावं ठेवत होतो आणि हिला ठाण्याचाच भरवसा. काय खमकी बाई!

हवालदार मला म्हणाले, तुम्ही मास्तरीण, तुम्हीच लिहा. मी लिहिलं, वाचून दाखवलं. झडतीत काही मिळालं नाही, पोत मालकिणीपाशीच सापडली. तिनं नीट ऐकून घेतलं.

"झिंज्या कुणी धरल्या, ते न्हाई त्यात."

मी कागद परत पुढ्यात ओढला आणि माझं पूर्ण नाव लिहिलं.