आईला आजारी पाडायचं नाही

आमच्या मुलुंडात त्यांना सगळे हवालदार म्हणायचे, आणि ते प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, न चिडता सांगायचे, "हवालदार नव्हतो मी. शिपाई होतो." पोस्टमनला सांगायचे, वाण्याला सांगायचे, शेजारच्या चाळीतल्या शेंबड्या पोरांनासुद्धा सांगायचे. एकदा सत्यनारायणाच्या पूजेला मंडळाच्या पोरांनी माइकवरून पुकारलं, "आता आरती आपल्या हवालदारसाहेबांच्या हस्ते!" हे उठले, पोराच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "मी हवालदार नव्हतो. शिपाई होतो. आता आरती." भटजी तबक हातात धरून नुसते बघत राहिले. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. मनात म्हटलं, अहो, फुकटची बढती मिळतेय तर घ्या की! कोणाच्या बापाचं काय जातंय?

माझा टायपिंगचा क्लास तेव्हा स्टेशनपासून जरा आत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. खाली पट्टा सुरू झाला की वर माझी सगळी मशिनं थरथरायची, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर गव्हाच्या पिठाचा थर बसायचा. हवालदार एका रंगाच्या कारखान्यात वॉचमन होते. दिवसपाळी सुटली की खाकी कपड्यांतच जिना चढून यायचे आणि दारात उभे राहायचे. बसा म्हटलं तर खुर्चीवर कधी बसले नाहीत. खिडकीखाली पत्र्याची पेटी होती, तिच्यावर ताठ बसायचे. अर्ज टाइप करून घ्यायला यायचे, पण आधी खिशातून फडकं काढून ते मशीन पुसणार, बारीक ब्रशने कळांमधलं पीठ झाडणार, आणि मगच मला हात लावू देणार. म्हणायचे, "आधी जनावर साफ, मग ओझं." मशीन अडकलं की मी दणका द्यायची. ते मला थांबवायचे, त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि हळूच म्हणायचे, "हो... हो... उभा ऱ्हा." माझ्या क्लासच्या पोरी तोंडावर रुमाल धरून हसायच्या. आणि मेलं ते मशीन चालायचंही!

अर्ज कशाचा, तर शेऱ्याचा. फौजेतून माणूस सुटला की त्याला एक बुक देतात, आणि त्यात त्याची वर्तणूक कशी होती ते एका शब्दात लिहितात. सगळ्यात उत्तम शब्द 'एक्झेम्प्लरी', मग 'व्हेरी गुड', मग 'गुड'. हवालदारांच्या बुकात लिहिलं होतं 'फेअर'. म्हणजे बरा. बँकेत वॉचमनची नोकरी होती, बंदूक, पेन्शन, सगळं. पण 'बरा' शेऱ्याच्या माणसाला बँक कशाला घेईल? म्हणून हे रंगाच्या कारखान्याच्या फाटकावर.

पण खरं दुखणं बँकेचं नव्हतंच. खेडच्या बाजूचं त्यांचं गाव, तिथे घरटी एक फौजी. त्यांचे वडील, आबा, मोठ्या लढाईत परदेशात जाऊन आलेले, आणि त्यांच्या बुकात 'एक्झेम्प्लरी'. हे सुटून घरी गेले तेव्हा आबांनी हात पुढे केला. बुक घेतलं, वाचलं, परत दिलं आणि एवढंच म्हणाले, "ठेव." का, कशाने, एक शब्द विचारला नाही. यांनीही सांगितलं नाही. त्याच पावसाळ्यात हे मुंबईला आले. दरवर्षी गणपतीला जायचे, न जाऊन सांगतात कोणाला, कोकणी माणूस तो! पण बापलेकांचं बोलणं फक्त कौलांचं आणि गुरांचं. "कौलं परतवलीस?" "परतवली." झालं. आता आबा फार थकले होते. हवालदार मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाय, आबा हायत तोवर ता बुक त्यांच्या हातात देयचाय." तेव्हापासून त्यांचा अर्ज माझाही झाला.

आणि तेव्हापासून आमची भांडणंही सुरू झाली! मी लिहायचे, 'माझ्या उज्ज्वल सेवेत'. ते म्हणायचे, "उज्ज्वल खोड." मी लिहायचे, 'घडल्या प्रकाराचा मला मनापासून पश्चात्ताप होतो'. "खोड. नाय होत." मग करायचं काय? नुसतं नाव आणि नंबर पाठवायचा? सखाराम धोंडू मोरे, शिपाई, अमुक तुकडी, इथवर मी डोळे मिटून टाइप करायची, आणि त्याच्या पुढे कागद फाटायचा. मला राग यायचा. घरी पोळ्या करायच्या राहिलेल्या असायच्या, आणि इकडे हा हरिश्चंद्राचा अवतार पेटीवर बसून एकेक विशेषण सोलतोय!

आमच्याकडे एक गृहस्थ यायचे, फोर्टातल्या कुठल्याशा वकिलाकडे कारकून. आम्ही त्यांना अर्धे वकील म्हणायचो, आणि ते अर्धवट कधीच बोलायचे नाहीत. त्यांनी बुक चाळलं, चष्मा वर केला आणि निकाल दिला, "केस झकास आहे. फक्त आई पाहिजे. लिहा, आई अत्यवस्थ असल्याची तार आली, मन थाऱ्यावर नव्हतं, त्या भरात हातून चूक घडली. आई म्हटली की भलाभला साहेब विरघळतो!"

हवालदार उठून उभे राहिले. "आई तेव्हा खाचरात भात लावत होती," ते म्हणाले. "धडधाकट होती. तिला कशाला आजारी पाडतोस?"

"अहो, आता त्या नाहीत ना? त्यांना काय फरक पडतोय?"

"म्हणून तर नाय. हयात असती तर तिला विचारून पाडली असती."

अर्धे वकील माझ्याकडे बघायला लागले. मी कपाळावर हात मारून घेतला.

खरं काय घडलं ते त्या दिवशी हवालदारांनी सांगितलं. ते खेचरांच्या तुकडीत होते. बर्फाच्या डोंगरात वरच्या चौकीवर रेशन आणि दारूगोळा न्यायचा, एका माणसाच्या हातात एक खेचर. चढावर यांच्या खेचराचा पाय घसरला, खांद्याला मार बसला, आणि ते जागेवर रुतलं. साहेबाने हुकूम दिला की ओझं दुसऱ्यांवर चढवा, जनावर इथेच सोडा, पुढे चला. उद्या कोणी येऊन बघेल. हवालदारांना ठाऊक होतं, त्या थंडीत उद्या बघायला काही उरणार नाही. ते थांबले. तुकडी पुढे गेली, आणि हे त्या लंगड्या जनावराला पावलापावलाने खालच्या तळावर घेऊन आले, तेव्हा यांची शोधाशोध सुरू झालेली. हुकूम मोडला, वर साहेबाला उलट बोलले. कोठडी झाली, बुकात लाल शाई पडली, आणि मुदत संपल्यावर 'फेअर' हातात देऊन घरी धाडलं.

"आणि खेचर?" मी विचारलं.

"जगला की! परत ओझी व्हायला लागला. त्याच्या कागदावर कायसुदीक लाल नाय."

हे ऐकून मी हसले, आणि लगेच माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, हेच लिहू या. शब्दाला शब्द. त्यांनीही मान डोलावली. आणि तेव्हा मला कळलं की ते शिक्षेबद्दल कुरकुर करतच नव्हते. म्हणाले, "शिक्षा बरोबर, बाय. हुकूम मोडला, भोगली. पण शेरा एका दिवसाचा नसतो, सगळ्या नोकरीचा असतो. सगळ्या नोकरीत मी काय एवढाच केला?" हे वाक्य मी जसंच्या तसं इंग्रजीत घातलं. मग विचारलं, "खेचराचं नाव काय होतं? नाव असलं की साहेबाच्या काळजाला भिडेल."

"नंबर लिही."

"अहो, नाव ठेवलं असेल ना तुम्ही?"

"ठेवला होता. तू नंबर लिही."

ज्या माणसाने आरतीच्या माइकवर स्वतःचा हुद्दा उतरवला, तो एका खेचराचं नाव सांगेना! मी पुष्कळ खोदलं. पालथ्या घड्यावर पाणी.

अर्ज गेला, आणि काही महिन्यांनी घाटकोपरच्या एका मैदानात माजी सैनिकांचा मेळावा झाला. तिथे एक कर्नल जातीने तक्रारी ऐकणार होते. आदल्या संध्याकाळी क्लासमध्ये रंगीत तालीम झाली. अर्धे वकील माझ्या खुर्चीवर कर्नल होऊन बसले, पोरींनी मशिनं थांबवली. सगळ्यांनी हवालदारांना एकच पढवलं, "निदान 'गलती हो गई, साब' एवढं तरी म्हणा. एवढंच. आई नको, काही नको." ते म्हणाले, "बघतो." मला वाटलं, सुधारलं गाडं.

दुसऱ्या दिवशी मी फाइल घेऊन त्यांच्या मागे उभी होते. कर्नल पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, दोनदा मागे जाऊन वाचला. मग वर बघून विचारलं, "मान लो, आज वही चढाई है, वही खच्चर, वही हुकूम. क्या करोगे?"

मी मागून त्यांचा शर्ट ओढला. म्हणा ना हो, म्हणा! दोन शब्द! तिकडे गावात म्हातारा थकलाय!

हवालदार सावधान झाले. "रुकूंगा, साब."

"फिर सजा होगी."

"वो भी लूंगा, साब."

कर्नलनी अर्ज परत फाइलीत ठेवला. मग फाइल बंद केली, उभे राहिले, हात पुढे केला आणि हवालदारांचा हात हातात घेतला. मला वाटलं, जिंकलो! येताना बसमध्ये मी हवेत होते. हवालदार खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हात देणं येगळा, बाय. बुक येगळा."

आणि तसंच झालं. उत्तर आलं ते एका ओळीचं. शेऱ्यात बदल करता येत नाही. अर्धे वकील म्हणाले, "घ्या! वाट लावली. आई आजारी असती तर आज 'गुड' असतं." मी त्यांना अशी काही बोलले की ते महिनाभर जिना चढले नाहीत. हवालदारांनी मात्र कागदाची नीट घडी घातली, बुकात ठेवली, बुक मेणकापडात गुंडाळलं, आणि फडकं काढून माझं मशीन पुसायला लागले. मला ते बघवेना. मी उगाचच पोरींवर खेकसले.

गणपतीला अजून अवकाश होता, तेवढ्यात गावाहून निरोप आला की आबांनी अंथरूण धरलंय, आणि डोळ्यांना आता काही दिसत नाही. हवालदार रजा टाकून निघाले. बॅग घेऊन क्लासमध्ये सांगायला आले, तेव्हा अर्धे वकीलही होते. ते हळू आवाजात म्हणाले, "हवालदार, आता म्हाताऱ्याला दिसत नाही. नुसतं हातात बुक द्या आणि सांगा, आबा, बदललं. कोण वाचणार आहे? सुखाने डोळे मिटतील."

आणि सांगते, मीही म्हटलं, "सांगा हो हवालदार! एकदाच. त्यांच्यासाठी." अगदी मनापासून म्हटलं. आजही मला त्यात काही वावगं वाटत नाही. मरणाऱ्या म्हाताऱ्याला एक गोड शब्द दिला तर देव काय कानशिलात मारणार आहे?

ते दाराकडे वळले. "शिपाई," एवढंच पुटपुटले आणि निघून गेले.

परत आले ते कारखान्याचा हिशेब करून कायमचं गावी जाण्यासाठी. आबा होते अजून, पण त्यांचं करायला घरी कोणी नव्हतं. हवालदार नेहमीसारखे पेटीवर बसले. मला धीर निघेना. म्हटलं, "सांगितलंत ना?"

"आबांनीच इचारलान," ते म्हणाले. "काय झाला तुझ्या बुकाचा? म्हटला, नाय झाला आबा. फेअरच हाय."

मी डोळे मिटून घेतले. सुंभ जळला तरी पीळ काही जाणार नाही!

"मग म्हणाले, एवढी वर्षं इचारला नाय, आज इचारतो. काय केला होतास? मग सांगितला सगळा. डोंगर, हुकूम, खेचर. आबा गप. मला वाटला झोपले. मग एकदम म्हणाले, नाव काय त्याचा?"

हवालदार खिशातलं फडकं चाचपायला लागले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काय करणार? सांगितला. धोंडू."

मला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं. सखाराम धोंडू मोरे! प्रत्येक अर्जाच्या पहिल्या ओळीत मी स्वतःच्या बोटांनी ते नाव टाइप केलं होतं. बापाचं नाव खेचराला ठेवलं होतं या माणसाने!

"एकदा पाय रोवला की जगबुडी आली तरी हालायचा नाय," ते खाली बघत म्हणाले. "हुबेहूब आबा. म्हणून ठेवला. आता ता जगात कोणाला सांगू?"

"आणि आबा?"

"हसले. खोकला लागेस्तोवर हसले. मी पाणी पाजला. मग माझा हात चाचपून धरलानी आणि म्हणाले, म्हंजे त्या बर्फात मला टाकून नाय आलास."

खाली गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि माझी मशिनं थरथरायला लागली. हवालदारांनी उठून सवयीने जवळच्या मशीनवर हात ठेवला. मग बॅग उचलली, पोरींना "नीट शिका गो" म्हणाले आणि जिना उतरले. मी खिडकीत धावले. ते पिठाच्या डब्यांच्या रांगेतून वाट काढत चालले होते. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं.

"जपून जा हो, हवालदार!"

त्यांनी वर बघितलं नाही. गिरणीच्या खडखडाटातून खणखणीत उत्तर तेवढं आलं.

"शिपाई!"