मशीन कुणी तोडलं?

नोकरीत हाताळलेले बरेचसे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. डोंबिवलीतलं ते प्रकरण मात्र वेगळं उरलं आहे. त्यात समोर आणलेल्या बाईने बसल्याबसल्या कबुली दिली आणि माझा खरा तपास तिथून पुढे सुरू झाला.

मी तेव्हा डोंबिवली पूर्वेला, औद्योगिक वसाहतीच्या भागात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याचा मॅनेजर आला. सोबत सुरक्षारक्षक आणि त्यांच्यामध्ये पन्नाशीची एक बाई. ठेकेदाराकडून लागलेली कामगार. तिने आदल्या दिवशी पुठ्ठा कापणाऱ्या प्रेसच्या गिअरमध्ये लोखंडी रॉड घालून मशीन मोडलं, अशी तक्रार होती.

"साहेब, मुद्दाम केलंय. बाकीच्या बायकांना पण भडकवते ही. आजच आत टाका," मॅनेजर म्हणाला.

महिला हवालदाराला बोलावून मी बाईंना बसायला सांगितलं. "रॉड तुम्ही घातला?"

"हां, मीच घातला."

"का?"

"ते नाही सांगणार. पण परत तशी वेळ आली, तर परत घालीन."

तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि भीतीही नव्हती. गुन्हा कबूल करणारा माणूस कारण सांगायला उतावीळ असतो, निम्मी शिक्षा त्याला कारणातूनच टाळायची असते. ही बाई कारण लपवत होती. मी स्टेशन डायरीत नोंद केली, तिला चौकशीची नोटीस देऊन घरी पाठवलं. मॅनेजरला ते आवडलं नाही.

दुपारी ठाण्याच्या फोनवर एका माणसाचा आवाज आला. "मशीन कुणी तोडलं ते कळलं ना तुम्हाला? आता हात कुणाचा अडकला होता ते विचारा. कल्याणच्या दवाखान्यांत बघा." फोन ठेवला गेला. तो कुणाचा होता, हे मी कधी शोधलं नाही.

पंच घेऊन मी कारखान्यात गेलो. प्रेस तोवर दुरुस्त होऊन सुरूही झाली होती. आजूबाजूची जमीन स्वच्छ धुतलेली होती. प्रेसच्या तोंडावर हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी कोरी करकरीत होती, बाकी मशीन कळकट. मी सुपरवायझरला विचारलं, "काही झालं तर मशीन कसं थांबवता?"

त्याने लाल बटण दाखवलं. मी ते दाबलं. प्रेस चालतच राहिली. पुन्हा दाबलं. पंच बघत होते. सुपरवायझर जमिनीकडे बघत होता.

"हे कधीपासून बंद आहे?" मी विचारलं. बटण चालत नाही, हे मी पंचनाम्यात लिहून घेतलं.

कल्याणच्या एका छोट्या खाजगी इस्पितळात ती सापडली. खडवलीकडची, विशीतली लग्न झालेली बाई, उजवा हात बँडेजमध्ये, तीन बोटं गेलेली. घरच्या गिरणीत हात अडकला, अशी नोंद होती. दारात ठेकेदाराचा माणूस खुर्ची टाकून बसला होता. त्याला मी बाहेर काढलं.

"घरीच झालं साहेब. गिरणीत," ती म्हणाली. शेजारी बसलेली तिची सासू पदराशी चाळा करत होती.

"ठीक आहे," मी म्हणालो. "तुमच्या कारखान्यात एका बाईंनी मशीन मोडलं. त्यांच्यावर केस करा म्हणतायत."

ती ताडकन उठून बसली. "मावशीवर? त्यांनी रॉड घातला नसता तर माझा अख्खा हात गेला असता. बटण दाबून दाबून थकले सगळे."

तेव्हा सासू बोलली. "ठेकेदार म्हणाला, कारखान्याचं नाव काढलंत तर ऑपरेशन थांबेल. म्हणून मावशीकडून मीच गप्प राहायचं वचन घेतलेलं."

सून तिला म्हणाली, "आई, आता पुरे." मग माझ्याकडे वळली. "लिहा साहेब. अंगठा डाव्या हाताचा लावते."

सुपरवायझर दुसऱ्या दिवशी ठाण्यात आला तो घरून पाठ करून आल्यासारखा. मी त्याला आरडाओरडा न करता एकच विचारलं, "जाळीमुळे काम हळू होत होतं, की हात वाचत होते?" तो म्हणाला, "दोन्ही." जाळी ठेकेदाराने काढायला लावली होती आणि मॅनेजरला ते माहीत होतं.

त्याचा जबाब चालू असतानाच पहिल्या पाळीच्या बायका कामाच्या ॲप्रनवरच ठाण्याच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. पोलिसांकडे जाईल तिने परत येऊ नये, असं ठेकेदाराने गेटवर बजावलं होतं. सगळ्यात पुढची ठाणे अंमलदाराला म्हणाली, "आम्हाला साक्ष द्यायचीये. आमची नावं पूर्ण लिहा. अर्धवट नको."

त्या संध्याकाळी एका वजनदार माणसाचा फोन आला. गरीब बायका आहेत, तडजोड करून टाका, असा सूर होता. मी म्हणालो, "त्याच गरीब बायका माझ्यासमोर बसून जबाब देतायत. तुम्हीही या, तुमचाही घेतो." पुन्हा फोन आला नाही. ठेकेदार आणि मॅनेजरवर गुन्हा दाखल झाला, मावशींवरची तक्रार निकाली निघाली, खोट्या नोंदीसाठी इस्पितळाचीही चौकशी लागली.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. दोघांनाही लगेच जामीन मिळाला. बायकांना कामावरून काढलं. त्या गेटसमोर बसून राहिल्या आणि कारखाना तपासणीचा अहवाल आल्यावर बऱ्याचजणींना परत घ्यावं लागलं. मावशींना मात्र घेतलं नाही. त्यांनी कामगार संघटनेचं काम धरलं.

खटल्यात बचावाच्या वकिलांनी त्यांना विचारलं, "तुम्ही कंपनीच्या कामगारच नव्हता, ठेकेदाराच्या होतात. मशीन थांबवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"अधिकार कुणाकडे मागत बसणार? तिकडे ती ओरडत होती," मावशी म्हणाल्या. न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं नोंदवून घेतलं. आरोपींना शिक्षा झाली.

माणूस ठेक्यावर असला की तो कुणाचाच नसतो, अशी सोय अनेकांनी करून ठेवली आहे. कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार नशिबाकडे. तपास अधिकाऱ्याने या दोन बोटांमध्ये अडकायचं नसतं, हे मी तिथे शिकलो. पुढे नव्या उपनिरीक्षकांना मी एवढंच सांगत आलो, की मालक नुकसानीची तक्रार घेऊन आला तर ती जरूर घ्या, पण त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यांतही एक चक्कर मारा.